घरचं मैदान, परका पैलवान

२०२३च्या मार्चमधली गोष्ट. रमजान नुकताच सुरू झाला होता, शाळा सकाळची होती. आदल्या दिवशी, रविवारी, निखत झरीनने दिल्लीत बॉक्सिंगचं जागतिक अजिंक्यपद दुसऱ्यांदा जिंकलं होतं. मी वर्तमानपत्र घेऊन आठवीच्या वर्गात गेले. मुलींचे चेहरे फुलले. पण मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "टीचर, पन ये तो अपने घरमेंच जीती ना?"

वर्ग हसला. मी तिला सांगितलं, की आदल्याच वर्षी, मे २०२२मध्ये, निखतने हेच अजिंक्यपद इस्तंबूलमध्ये जिंकलंय, थायलंडच्या जितपोंग जुतामासला ५-० असं हरवून. मुलीचं समाधान झालं. माझं झालं नाही. समजा, इस्तंबूल घडलंच नसतं, तर दिल्लीचं पदक कमअस्सल ठरलं असतं का? खेळाडूचा मोठेपणा परमुलखातच सिद्ध व्हावा लागतो का?

मुलीची शंका अगदीच बिनबुडाची नव्हती. दिल्लीच्या त्या स्पर्धेवर अमेरिका, इंग्लंड यांच्यासह अनेक देशांनी बहिष्कार टाकला होता. कारण रशियाच्या सहभागाचं होतं, भारताचं नव्हे. पण काही तगड्या मुली आल्याच नाहीत, हे खरं. शिवाय घरच्या रिंगमधल्या निकालांना बॉक्सिंगमध्ये वाईट इतिहास आहे. १९८८च्या सोल ऑलिंपिकच्या अंतिम लढतीत अमेरिकेच्या रॉय जोन्सने कोरियाच्या पार्क सी-हुनला ८६ ठोसे मारले आणि स्वतः ३२ खाल्ले. तरीही पंचांनी ३-२ असा कौल यजमानांच्या बाजूने दिला. तेव्हापासून घरच्या विजयाकडे लोक जरा डोळे बारीक करूनच बघतात.

मी शिकवायला पुण्याला जाते, पण राहते मुळशीत. तालुक्याच्या कडेला म्हाळुंगे-बालेवाडीचं क्रीडासंकुल आहे. २००८च्या ऑक्टोबरात तिथे राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या, त्यांत बॉक्सिंगही होतं. पण आमच्या मुळशीचा जीव रमतो तो कुस्तीत. महाराष्ट्र केसरीला जी चांदीची गदा मिळते, ती ज्यांच्या स्मरणार्थ दिली जाते ते मामासाहेब मोहोळ आमच्याच तालुक्यातल्या मुठा गावचे. लहानपणी अब्बांच्या खांद्यावर बसून मी जत्रेचा फड पाहिलेला आहे. आधी पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग हलगीचा आवाज चढत जायचा, तशा इनामाच्या रकमाही चढायच्या. शेवटी मानाची कुस्ती.

त्या फडाचा एक अलिखित कायदा होता. गावच्या पैलवानाची जोड गावातल्याच पैलवानाशी लागत नसे. तालमीत रोज एकमेकांची पाठ घासणाऱ्या दोघांची कुस्ती बघायला कोण येणार? समोर बाहेरगावचा गडी हवा, आणि तो तोडीस तोड हवा. जोड हलकी वाटली, तर गर्दीतूनच ओरडा व्हायचा. मैदान मात्र आपलंच असायचं. गावच्या पोराने गावच्या मातीत बाहेरचा पैलवान चीत केला, तर त्याला कुणी "घरातच जिंकलास" असं म्हणत नसे. फेटा बांधून मिरवत असत.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला या फडात सापडलं. मोठेपणाला परकी माती लागत नाही, परका पैलवान लागतो. आणि पंच असा लागतो, की जो कुणाच्याच घरचा नाही.

गामा पैलवानाचीच कथा घ्या. १९१०मध्ये तो लंडनला गेला. उंची कमी म्हणून त्याला स्पर्धेत घेईनात, तेव्हा त्याने उघड आव्हान दिलं. पोलंडच्या झ्बिस्कोशी त्याची कुस्ती अडीच तासांहून जास्त चालली आणि बरोबरीत सुटली. ती पुन्हा व्हायची ठरली, त्या दिवशी झ्बिस्को फिरकलाच नाही आणि मानाचा पट्टा गामाला मिळाला. पण खरा निकाल लागला तो अठरा वर्षांनी, १९२८मध्ये, पतियाळात. तोच झ्बिस्को हिंदुस्थानात आला आणि गामाने त्याला मिनिटभराच्या आत पाडलं. गामाचं नाव घेताना जुनी माणसं लंडनइतकंच पतियाळाचंही नाव घेत. लंडनला जाण्याचा उपयोग एवढाच झाला, की झ्बिस्कोला पतियाळाचा रस्ता कळला.

उलट बाजूने पाहिलं तरी हेच दिसतं. रॉकी मार्सियानोने व्यावसायिक कारकिर्दीतल्या ४९ लढती जिंकल्या, एकही हरला नाही, आणि एकही अमेरिकेबाहेर खेळला नाही. फ्लॉइड मेवेदरच्या ५० विजयांचीही तीच गोष्ट. त्यांना देश सोडावा लागला नाही, कारण जग त्यांच्या दारात येत होतं. आणि नुसतं परदेशात लढणं म्हणजे मोठेपण म्हणावं, तर आपल्या विजेंदर सिंगकडे बघा. २०१५मध्ये व्यावसायिक झाल्यावर त्याच्या पहिल्या सहा लढती इंग्लंड-आयर्लंडमध्ये झाल्या. पण पहिले दोन प्रतिस्पर्धी स्वतःच जेमतेम दोन-तीन लढती खेळलेले होते. विजेंदर मोठा ठरला तो २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमधल्या कांस्यपदकाने, कारण तिथे समोर जगातले निवडक होते.

मुहम्मद अलीचे परदेश दौरे तर निराळ्याच कारणांचे. १९६६मध्ये व्हिएतनाम युद्धाबद्दल तो बोलला, म्हणून अमेरिकेतली शहरं त्याची लढत घ्यायला तयार होईनात. शेवटी तो टोरांटोत लढला. १९७४मध्ये किन्शासात लढला, कारण तिथल्या सत्ताधाऱ्याने थैली सोडली होती. म्हणजे माणूस बाहेर जातो तो प्रत्येक वेळी काही सिद्ध करायलाच जातो असं नाही. कधी घरचं दार बंद असतं म्हणून जातो, कधी पोटासाठी जातो.

निखतचंच पाहा. निजामाबादच्या या मुलीची अवघड लढत कुठली, असं मला कुणी विचारलं तर मी इस्तंबूल म्हणणार नाही. मुलीने अर्ध्या चड्डीत खेळावं का, म्हणून नातेवाईक आणि शेजारी बोलत होते, हे तिच्या घरच्यांनी मुलाखतींतून सांगितलेलं आहे. पुढे २०१९मध्ये ऑलिंपिक पात्रतेसाठी मेरी कोमला चाचणीशिवायच पाठवायचं घाटत होतं, तेव्हा निखतने क्रीडामंत्र्यांना पत्र लिहिलं. तिची मागणी निवडीची नव्हती, फक्त एका लढतीची होती. त्या डिसेंबरात दिल्लीत ती लढत झाली आणि निखत ९-१ अशी हरली. पण रिंगमध्ये उतरण्याचा हक्क तिने मिळवला. अडीच वर्षांनी ती जगज्जेती झाली. घरच्या रिंगमध्ये शिरकावच मिळत नसेल, तर घर सोपं आणि परदेश अवघड, हे गणित कुठे राहिलं? २०२४मध्ये पॅरिसला ती चीनच्या वू यूकडून हरली. त्याच वू यूने पुढे सुवर्ण घेतलं. त्या हरण्याने दिल्लीचं पदक खोटं झालं नाही.

दिल्लीचं ते पदक निखतने ज्या सभागृहात घेतलं, त्याला आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचं नाव आहे. १९४८मध्ये खाशाबा लंडनला गेले. आयुष्य मातीत गेलेलं, कुस्ती मात्र गादीवरची आणि नियम निराळे. ते सहावे आले. पण शिकून आले. १९५२मध्ये हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आणि मग? देशाने अर्जुन पुरस्कार दिला तो १९८४मध्ये ते गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी. परदेशात सिद्ध होऊनही घरी ऐकणारं कुणी नसेल, तर तो पुरावा कुणापुढे ठेवायचा?

म्हणून मला वाटतं, परदेशी जावं, जरूर जावं. पण पुरावा आणायला नव्हे, गादी शिकायला जावं.

हे सगळं मी शिक्षिका म्हणून लिहिते आहे. उर्दू माध्यमाच्या मुलांना हा प्रश्न दहावीनंतर रोज भेटतो. दहावीपर्यंत घरचं मैदान. अकरावीला एकदम मराठी किंवा इंग्रजी. भौतिकशास्त्र तेच असतं, पण शब्द बदलतात. मातीतल्या पैलवानाला गादीवर उभं करावं, तसं. आमच्या स्टाफरूममध्ये यावर दोन मतं आहेत. एक म्हणतं, मुलं मराठी-इंग्रजी शाळांच्या पोरांत जाऊन नंबर काढत नाहीत, तोवर आपला पहिला नंबर खोटाच. दुसरं म्हणतं, आपली शाळा, आपली जबान, कुणाला काय दाखवायचंय? पहिल्या मताने मूल कायम परक्या दारात पुरावा घेऊन उभं राहतं. दुसऱ्या मताने ते तालमीतल्या दोस्तांशीच कुस्ती खेळत म्हातारं होतं.

मी स्वतः बी.एड. मराठीतून केलं. पहिल्या सराव पाठानंतर एका परीक्षकांनी कौतुकाने म्हटलं, "तुम्ही उर्दू शाळेतल्या वाटत नाही हं!" मी 'शुक्रिया'ऐवजी 'आभारी आहे' म्हटलं आणि बाहेर आले. पाठ चांगला झाला होता. पण माझी शाळा त्या कौतुकात बसत नव्हती. परक्या रिंगमध्ये जिंकल्यावर आपलं घर पुसलं जात असेल, तर त्या विजयाला अर्धाच म्हणायला हवं.

मुलांना बाहेर पाठवायचंच. पण बाहेरच्यांनाही आपल्या फडात बोलवायचं. गेल्या वर्षी आमच्या विज्ञान प्रदर्शनात मुलींनी तक्ते उर्दू आणि मराठी, दोन्ही लिपींत लिहिले. शेजारच्या मराठी शाळेचे दोन वर्ग पाहुणे म्हणून आले, आपली मॉडेल्स घेऊन आले. परीक्षक नेमायची वेळ आली, तेव्हा मी आमच्याच एका शिक्षकांचं नाव सुचवलं. नववीच्या मुली एका सुरात म्हणाल्या, "नहीं टीचर, अपने स्कूल का नहीं चाहिए।"

पहिला नंबर पाहुण्यांकडे गेला, दुसरा आमच्याकडे राहिला. त्या दुसऱ्या नंबराबद्दल मात्र कुणीही, अगदी कुणीही शंका घेतली नाही.