सव्वीस मैल, पाच हप्ते

आमच्या गावातून जो रस्ता जातो त्याला नकाशावर रूट १३५ म्हणतात. वर्षाचे ३६४ दिवस तो अगदी साधा रस्ता असतो. पेट्रोल पंप, डंकिन, एक-दोन चर्च, गाड्या दुरुस्त करणारी गॅरेजेस, आणि शाळेची पिवळी बस थांबली की तिच्यामागे तुंबलेली रांग. एप्रिलमधल्या तिसऱ्या सोमवारी, पेट्रियट्स डेला, मात्र त्याची पंढरीची वाट होते. लोक सकाळपासून खुर्च्या, संत्र्यांच्या फोडी आणि पाण्याचे पेले घेऊन दुतर्फा बसतात आणि सुमारे तीस हजार माणसे त्यांच्यासमोरून बोस्टनकडे धावत जातात. हीच ती बोस्टन मॅरेथॉन.

आम्ही अ‍ॅशलंडला राहायला आलो २००९ साली आणि पुढच्या एप्रिलपासून रस्त्याच्या कडेला उभे राहू लागलो. गणपतीची मिरवणूक बघायला जावे तसे : चहाचा थर्मास, डब्यात चिवडा. प्रथम व्हीलचेअरवाले येतात. मग केनिया-इथिओपियाचे वीर. ते इतक्या वेगाने जातात की कॅमेरा डोळ्याला लावेपर्यंत नॅटिक गाठलेले असते! त्यांचे आपण कौतुक करावे आणि घरी यावे. मनाला काही लागत नाही. घात होतो तो त्यानंतर. तासभराने जे लोक येऊ लागतात ते अगदी आपल्यासारखे दिसतात. टक्कल पडलेले, पोट सुटलेले, नातवंडे असलेल्या आजीबाईसुद्धा. त्यांना टाळ्या वाजवताना चिवड्याचा घास घशात अडकतो.

तरी आम्ही बारा वर्षे नुसत्या टाळ्याच वाजवल्या. २०२२ च्या वार्षिक तपासणीत आमचे ए-वन-सी निघाले ६.३. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितले की ५.७ ही मधुमेहाची वेस आणि ६.५ ला प्रत्यक्ष गाव. म्हणजे आम्ही वेशीतून शिरून मारुतीच्या देवळापर्यंत पोचलो होतो. पुण्याला आमच्या थोरल्या भावाची अँजिओप्लास्टी एक्केचाळिसाव्या वर्षी झाली, वडिलांची छपन्नाव्या. दक्षिण आशियाई माणसाला हे आजार कमी वजन असतानाही गाठतात, असे बाई म्हणाल्या. आणि ‘कमी वजन’ म्हणताना आमच्या पोटाकडे बघून किंचित अडखळल्या. सहा महिन्यांची मुदत मिळाली.

आमचे धावणे सुरू झाले ते असे. त्या पहिल्या वर्षाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. मेलबॉक्स ते मेलबॉक्स धावायचे, मग पुढचे दोन मेलबॉक्स धापा टाकायच्या. आमची कन्या हायस्कूलच्या क्रॉस-कंट्री संघात आहे. ती एकदा सोबत आली आणि म्हणाली, “बाबा, तू धावतोयस की फक्त हात हलवतोयस?” सौ.ला वेगळीच काळजी. थंडीत घालायची ती काळी घट्ट विजार पाहून ती म्हणाली, “अहो, या वेषात मंडळाच्या कुणाच्या गाडीसमोर येऊ नका हो.” आणि तिसऱ्याच दिवशी मंडळाचे एक ज्येष्ठ सभासद रूट १३५ वर गाडी हळू करून, काच खाली घेऊन विचारते झाले, “काय हो, गाडी बंद पडली का? सोडू घरी?” धावणारा मराठी माणूस म्हटला की त्याची एक तर गाडी बंद पडलेली असणार किंवा गाडी चुकलेली असणार, यावर आमच्या पिढीचा ठाम विश्वास आहे.

एकदा धावू लागल्यावर दारावरून जाणाऱ्या या शर्यतीत आपणही कधी तरी उतरावे असे वाटणारच. पण बोस्टनला नाव नोंदवून चालत नाही, लायकी सिद्ध करावी लागते. २०२६ च्या शर्यतीसाठी आमच्या वयोगटातल्या, म्हणजे ४५ ते ४९ वर्षांच्या, पुरुषाने आधी दुसरी एखादी मॅरेथॉन ३ तास १५ मिनिटांत पुरी केलेली असावी, अशी अट होती. आमचा हिशेब, सगळे ग्रह अनुकूल धरून, साडेपाच तासांवर येतो. दुसरा मार्ग धर्मादाय संस्थेसाठी हजारो डॉलर गोळा करण्याचा. मंडळाच्या वर्गणीसाठी फोन केला की माणसे कशी बोलतात हे आम्ही खजिनदार या नात्याने दोन वर्षे ऐकले आहे. त्यापेक्षा ३ तास १५ मिनिटे सोपी.

मग सुचले की या देशात घर, गाडी, मुलांचे कॉलेज सगळे आपण हप्त्यांनी घेतो, तर मॅरेथॉन का नाही? रस्ता सरकारी आहे. रविवारी सकाळी फुटपाथवरून धावायला कुणाची परवानगी लागत नाही. शिवाय लोहमार्ग बराच अंतर जवळूनच जातो. एका स्टेशनापर्यंत धावायचे आणि गाडीने परत यायचे. रविवारी गाड्या विरळ असतात, पण आमच्या वेगाला वेळापत्रकात तेवढी ढिलाई हवीच होती. अशा रीतीने २०२५ च्या मे महिन्यात आम्ही बोस्टन मॅरेथॉन सुरू केली.

पहिला हप्ता हॉपकिंटन ते फ्रेमिंगहॅम, सुमारे साडेसहा मैल. सौ.ने हॉपकिंटनच्या हिरवळीपाशी सोडले. आरंभरेषा रस्त्यावर रंगवलेली असते. इथेच १९६६ साली बॉबी गिब नावाची तरुणी झुडपात दडून बसली होती. बायकांना मॅरेथॉन झेपत नाही असे सांगून तिचा अर्ज परत पाठवला होता. शर्यत सुटल्यावर ती घोळक्यात शिरली आणि शेवटपर्यंत धावली. बायकांना रीतसर प्रवेश मिळाला १९७२ साली. पुढे बाई शिल्पकारही झाल्या आणि धावणाऱ्या मुलीचा हॉपकिंटनमधला पुतळा त्यांनी स्वतःच घडवला. सौ.ने गाडीत बसूनच हे सगळे ऐकून घेतले आणि “हं,” एवढेच म्हणाली. या ‘हं’कडे वाचकांनी लक्ष ठेवावे.

सुरुवातीलाच रस्ता घसरगुंडीसारखा उतरतो. पहिल्या मैलातच सुमारे १३० फूट. एकूण उतार इतका की या मार्गावरचा वेळ जागतिक विक्रम म्हणून धरत नाहीत. २०११ साली जेफ्री मुताईने इथे २ तास ३ मिनिटे २ सेकंद घेतले. तोवर मॅरेथॉन इतक्या वेगाने कुणीही धावले नव्हते, तरी विक्रमाच्या वहीत नोंद नाही. तेव्हा आमचीही कुठे नोंद नाही याचे वाईट वाटून घेण्याचे कारण उरले नाही.

अ‍ॅशलंड लागले की आपले गाव म्हणून छाती फुगते. १८९७ ची पहिली शर्यत, पंधरा गड्यांची, इथूनच सुटली होती. १९२४ मध्ये अंतर वाढवून आरंभ हॉपकिंटनला नेला. शिवाय हे घड्याळांचे गाव. विजेच्या साठ सायकल्सशी पाय जुळवून चालणारे सिंक्रोनस घड्याळ हेन्री वॉरनने इथे तयार केले. म्हणूनच आमच्या हायस्कूलच्या संघांना ‘क्लॉकर्स’ म्हणतात. इतक्या अचूक काळाच्या गावात आम्ही मैलाला तेरा मिनिटे लावतो, हा आमचा नाइलाज.

फ्रेमिंगहॅमला रेल्वेचे फाटक आहे. १९०७ साली टॉम लाँगबोट आणि आघाडीचे मोजके गडी पुढे निसटले आणि मागच्यांपुढे मालगाडी आडवी आली. लाँगबोट जिंकला. आमच्याही वेळी फाटक पडले. मागचे सारे त्या दिवशी किती चडफडले असतील! आम्ही मात्र गुडघ्यांवर हात टेकून गाडीचे डबे मोजले आणि आणखी दहा असते तर बरे, असे मनात म्हटले.

दुसरा हप्ता नॅटिकपर्यंतचा, चार मैल, सपाट. तिसऱ्यात, जुलैमध्ये, वेलस्ली कॉलेज लागले. शर्यतीच्या दिवशी इथल्या मुली असा आरडाओरडा करतात की मैलभर आधी ऐकू येतो. आमच्या स्वागताला दोन बदके होती. त्यातले एक ओरडले. पुढे मोठ्या हायवेवरचा पूल, सावली नाही, ऊन नव्वदला टेकलेले. वुडलँडच्या ट्रॉली स्टेशनवर पोचलो तेव्हा घड्याळ म्हणत होते ‘वर्कआऊट अनप्रॉडक्टिव्ह’. एवढे स्पष्ट आम्हाला साहेबानेही कधी सांगितलेले नाही.

चौथा हप्ता म्हणजे हार्टब्रेक हिल. योगायोगाने ऑगस्टमध्ये साताऱ्याहून मेहुणे आले होते. ते यवतेश्वरच्या घाटातली सातारा हिल मॅरेथॉन धावणारे. वाटेत न्यूटनच्या सिटी हॉलजवळ जॉनी केलीचा जोडपुतळा आहे : सत्तावीस वर्षांचा केली आणि चौऱ्याऐंशीचा केली हातात हात घालून. या गृहस्थांनी ही शर्यत ६१ वेळा सुरू केली, ५८ वेळा पुरी केली आणि दोनदा जिंकली. १९३६ साली याच चढांवर त्यांनी पुढे असलेल्या टार्झन ब्राऊनला गाठून खांद्यावर थोपटले. ब्राऊनला ते थोपटणे झोंबले. तो सुटला तो जिंकूनच थांबला, आणि केलीच्या काळजाचे जे झाले त्यावरून चढाला नाव पडले.

मेहुणे टेकडीच्या माथ्यावर पोचून म्हणाले, “भावजी, ही टेकडी कुठाय?” चढ सुमारे ८८ फुटांचा. पर्वतीच्या एकशे तीन पायऱ्या चढून देवदर्शन घेणाऱ्या माणसाला हे नाव म्हणजे अमेरिकन जाहिरातबाजीच वाटणार. मग आम्ही आमच्यातला इंजिनिअर जागा केला. टेकडी अवघड नाही, तिची जागा अवघड आहे. सोळा मैल उताराचे. उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेकसारखे काम करतो आणि आतून झिजतो. विसाव्या मैलाच्या आसपास अंगातली साठवलेली साखर संपत येते. अशा वेळी ८८ फूट पुढे ठेवले आहेत. मेहुणे विचारात पडले. म्हणाले, “म्हणजे लग्नघरात चौथ्या पंगतीला वाढपी थकल्यावर जिलबीची परात यावी तसं.” इंजिनिअरिंगच्या पुस्तकात इतके चांगले उदाहरण आम्हाला सापडले नव्हते.

शेवटचा हप्ता ऑक्टोबरच्या मध्यावर. बॉस्टन कॉलेजपासून बीकन स्ट्रीटने पाच मैल. डाव्या हाताला ट्रॉली सतत सोबत करते आणि दर स्टेशनाला ‘बसता का?’ असे विचारते. केनमोर चौकात सिटगोची भली मोठी पाटी येते. मग हियरफर्डला उजवीकडे, बॉयलस्टनला डावीकडे.

बॉयलस्टनवर आम्ही चालू लागलो. दमलो होतो म्हणून नव्हे. १५ एप्रिल २०१३ ला दुपारी या फुटपाथवर दोन बॉम्ब फुटले. तीन माणसे गेली, शेकडो जखमी झाली. त्या दिवशी आमच्या शेजारीणबाई धावत होत्या. सकाळी आम्हीच त्यांना संत्र्याची फोड दिली होती. टीव्हीवर धूर दिसत होता आणि त्यांचा फोन लागत नव्हता. त्यांचे यजमान आमच्या स्वयंपाकघरात उभे होते, बसा म्हटले तरी बसेनात. संध्याकाळी कुणा अनोळखी माणसाच्या फोनवरून बाईंचा आवाज आला : शेवटच्या मैलात अडवले, थंडी वाजते आहे, एका घरातल्या लोकांनी ब्लँकेट दिले आहे. त्या दिवशी पाच हजारांहून अधिक लोकांची शर्यत अशीच अर्धी राहिली. दोन्ही जागी आता दगडी स्मारके आहेत, गेलेल्यांच्या ओळखीच्या ठिकाणचे दगड आणून केलेली. आम्ही दोन्हीकडे थांबलो.

अंतिम रेषा सार्वजनिक वाचनालयासमोर, निळी-पिवळी, वर्षभर रस्त्यावर असते. पण तिच्यावरून गाड्या जातात. सिग्नलला लाल दिवा लागल्यावर आम्ही फुटपाथवरून उतरलो, चार पावले धावलो आणि रेषा ओलांडली. एका टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवला. तो शाबासकीचा होता असे आम्ही धरले आहे. सौ. आणि कन्या थर्मास घेऊन उभ्या होत्या. कन्येने फोनवर हिशेब करून अधिकृत वेळ जाहीर केली : पाच महिने, आठ दिवस, तीन तास.

महिन्याअखेरीच्या तपासणीत ए-वन-सी ५.८ आले. म्हणजे अजून वेशीच्या आतच, पण तोंड बाहेरच्या बाजूला.

त्या रात्री भांडी आवरता आवरता सौ.ने विचारले, “अहो, तो फ्रेमिंगहॅम ते नॅटिकचा तुकडा सपाट आहे म्हणाला होतात ना? आणि मैलाला तेरा मिनिटंच ना?” आम्ही हो म्हटले. “मग पुढच्या रविवारी परतीची तिकिटं दोन काढा.”