पापणीतला कोळी

वांग्यावरचा लाल कोळी तुम्ही ओळखता. त्याच्याच गणगोतातला आठ पायांचा एक कोळी आपल्या पापण्यांत राहतो, हे मात्र पुष्कळांना खरे वाटत नाही. पन्नाशीनंतर माझे डोळे सकाळी चुरचुरू लागले, तेव्हा डॉक्टरांनी पापणीचा केस उपटून तो मला सूक्ष्मदर्शकातून दाखवला. नाव डेमोडेक्स. लांबी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी.

थोडेफार कोळी बहुतेक मोठ्या माणसांच्या अंगावर असतात. त्यात लाजण्यासारखे काही नाही. संख्या वाढली की बिघडते. पापणीच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात, वरच्या पापणीत २५ ते ४०, खालच्या पापणीत २० ते ३०. पापणी लवली की त्यांतले तेल अश्रूंवर पसरते. रानातली ओल उडू नये म्हणून आपण पाचट अंथरतो ना, तसेच हे आच्छादन! कोळ्याची धाकटी जात नेमकी या ग्रंथींत शिरते. तोंडे बुजतात, तेल दाटते, आच्छादन विरते आणि डोळा कोरडा पडतो. गंमत अशी, की कोरडा डोळाच अधिक पाणी गाळतो. मग घरचे म्हणतात, धूळ गेली असेल.

केसांच्या मुळाशी बांगडीसारखा कोंडा दिसला, तर डॉक्टरांना दाखवा. कोमट फडक्याचा शेक आणि पापणीची कड स्वच्छ ठेवणे, यांनी पुष्कळांना आराम पडतो. २०२३ साली अमेरिकेत यावर लोटिलॅनरचे थेंब मंजूर झाले. हेच औषध कुत्र्याच्या गोचिडांसाठी गोळीतून देतात. पण म्हणून गोठ्यातल्या फळीवरची गोचिडाची बाटली डोळ्याजवळ नेऊ नका. तिने डोळाच जाईल.