सावलीची कड

जयपूरच्या जंतरमंतरमध्ये सम्राट यंत्र या सूर्यघड्याळापाशी पहिल्यांदा गेले, तेव्हा मान वर करून त्याची 27 मीटर उंची बघायचंही मला सुचलं नाही. यंत्राच्या तिरप्या भिंतीची सावली ज्या खुणांच्या चापावर पडते, त्यावर वाकून मी सावलीची कड शोधत होते. ती सापडेना. सावली संपली असं वाटावं तिथून पुढे ती नुसती विरळ होत जात होती.

तसं होणारच. सूर्य म्हणजे बिंदू नव्हे, ती अर्ध्या अंशाची तबकडी आहे. भिंतीच्या कडेपासून चाप सुमारे 15 मीटरवर. तेवढ्या अंतरात उपच्छाया, म्हणजे सावलीची ती विरळ कड, 14 सेंटीमीटर पसरते. वेळेच्या हिशेबात दोन मिनिटं. आणि चापावरच्या बारीक खुणा आहेत दोन-दोन सेकंदांच्या! पितळी यंत्रं लहान असतात, त्यांचे आस झिजतात, म्हणून जयपूरचा राजा सवाई जयसिंह याने चुना आणि दगडात ही प्रचंड यंत्रं उभी केली. पण यंत्र दुप्पट केलं की उपच्छायाही दुप्पट होते. खुणा मोकळ्या होतात, धूसरपणा दोन मिनिटांचा तो तसाच.

त्यावरचा उपाय एका दोऱ्याचा आहे. चापाच्या सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर वर, भिंतीच्या कडेला समांतर असा बारीक दोरा धरायचा. त्याची सावली रेखीव पडते. दोरा सरकवत न्यायचा आणि त्याची सावली मोठ्या सावलीत विरून जाते तिथे वाचन घ्यायचं. निरभ्र दिवशी ते काही सेकंदांपर्यंत बरोबर येतं. जयसिंहाच्या पदरी जगन्नाथ सम्राट हे मराठी पंडित होते. टॉलेमीचा ग्रंथ त्यांनी अरबीवरून संस्कृतात आणला, 1732 मध्ये. त्या चापाशी वाकलेलं मराठी माणूस म्हणून मला त्यांची फार आठवण येते.

मी दुर्बिणींवरचे पोलॅरिमीटर, म्हणजे प्रकाशाचं ध्रुवीकरण मोजणारी उपकरणं, जुळवते. आमच्या कामातही मोठेपणाने सगळं सुटत नाही. दुर्बिणीचा 8.2 मीटरचा आरसा जितकं बारीक दाखवू शकतो, त्याच्या पन्नासपट धूसर चित्र हवा आपल्या हाती देते. आरसा वाढवला तर उजेड जास्त मिळतो, पण हवा तीच. म्हणून अ‍ॅडॅप्टिव्ह ऑप्टिक्स: ताऱ्याची लहर हवेने कशी चुरगाळली ते मोजायचं आणि एका लवचिक आरशाला नेमका उलटा बाक द्यायचा. चिलीतल्या पारानालच्या दुर्बिणीवर ‘स्फिअर’ नावाचं उपकरण आहे. त्याच्या अशा आरशामागे 1377 खुंट्या आहेत, आणि त्या सेकंदाला हजाराहून अधिक वेळा हलतात.

एवढं करूनही ताऱ्याचं तेज भोवतीची धूळ झाकून टाकतं. तिथे ध्रुवीकरण, म्हणजे प्रकाशलहरींचं एकाच दिशेत डोलणं, कामाला येतं. ताऱ्याचा थेट प्रकाश जवळजवळ अध्रुवित असतो. धुळीवरून विखुरलेला ध्रुवित होतो. काटकोनातल्या दोन ध्रुवणदिशांनुसार प्रकाशाचे दोन झोत करायचे, एकातून दुसरा वजा करायचा. तारा जातो, धूळ उरते. सुमारे 200 प्रकाशवर्षांवरच्या ‘टी. डब्ल्यू. हायड्री’ या ताऱ्याभोवतीची धुळीची कडी आणि त्यांतल्या फटी स्फिअरने अशाच दाखवल्या. ते चित्र प्रथम पाहिलं तेव्हा मी बराच वेळ खुर्चीतून उठले नव्हते.

ही वजाबाकी मात्र फार हळवी असते. ध्रुवीकरणाची दिशा वळवणारी हाफ-वेव्ह प्लेट 45 अंश फिरवली की आकाशातून आलेल्या ध्रुवीकरणाचं चिन्ह उलटतं. प्लेटनंतरच्या काचांनी घातलेलं उलटत नाही, म्हणून ते वेगळं काढता येतं. प्लेटच्या आधी घुसलेलं तसं पकडता येत नाही. सुरुवातीच्या काळात मला एका क्षेत्रातल्या सगळ्या ताऱ्यांत दोन टक्के ध्रुवीकरण दिसलं. तीन रात्री मी आनंदात होते. चौथ्या रात्री मुद्दाम एक अध्रुवित प्रमाण तारा घेतला. त्यातही तेच दोन टक्के, त्याच दिशेत. वाटेतल्या तिरप्या आरशाचं ते देणं होतं. तेव्हापासून प्रमाण तारा आधी, बाकी सगळं मागून.

मागच्या हिवाळ्यात पुन्हा जयपूरला गेले तेव्हा पोलरॉइडचा, म्हणजे एकाच दिशेत ध्रुवित प्रकाश जाऊ देणाऱ्या पडद्याचा, एक तुकडा बरोबर नेला. सम्राट यंत्राची तिरपी भिंत आकाशातल्या उत्तर ध्रुवाकडे रोखलेली आहे. ध्रुवाजवळच्या निळ्या आकाशाचा उजेड सूर्याच्या दिशेला काटकोनात ध्रुवित असतो, आणि सूर्य सरकेल तशी ती दिशा तासाला 15 अंश फिरते. यावरूनच इंग्रज शास्त्रज्ञ व्हीटस्टनने 1848 मध्ये ध्रुवीय घड्याळ बनवलं. सूर्य ढगाआड असला तरी ध्रुवाकडे निळं आकाश मोकळं असेल, तर ते वेळ सांगतं.

भिंतीच्या दक्षिण टोकाशी उभी राहून, जिन्याच्या रेषेत वर बघत मी तुकडा फिरवला. आकाश सर्वांत गडद कुठे होतं ते डोळ्याला नीट ठरवता येईना. वाचनं अर्धा-अर्धा तास इकडेतिकडे जात होती. मग गडद जागेच्या दोन्ही बाजूंना सारखाच उजेड दिसेल अशा दोन जागा शोधल्या आणि त्यांची मधली घेतली. 10 वाजून 18 मिनिटं आली. लगेच चापाशी जाऊन दोरा धरला. 10 वाजून 14.