साठ थाऊ

जुन्या वस्तूंवर प्रेम करणाऱ्या माणसांचे दोन पंथ आहेत. एक पंथ वस्तु पुसूनपासून कांचेच्या कपाटांत ठेवणारांचा. दुसरा ती रोज वापरून झिजविणारांचा, आणि झिजली म्हणजे पुन्हां घडविणारांचा. आम्ही स्वतः पहिल्या पंथाचे. आमच्या वडिलांचें भिंतीवरील घड्याळ गेलीं कित्येक वर्षें सवाचारावर थांबून स्वस्थ आहे आणि त्याबद्दल आमची कसलीहि तक्रार नाहीं. आमचे थोरले बंधु मात्र दुसऱ्या पंथाचे होते. आणि त्यांच्यामागें त्यांची बुलेट मोटरसायकल ज्याच्या वांट्यास आली तो आमचा पुतण्या त्या पंथांतील जहाल पक्षाचा. जहाल अशासाठीं कीं, यंत्र पूर्ववत् चालूं लागलें एवढ्यानें त्याचें समाधान होत नाहीं. तें पूर्वीपेक्षां अधिक जोरानें चालावें अशी त्याची इच्छा. या इच्छेपायीं गेल्या पावसाळ्यांत आम्हांस त्याच्याबरोबर कोल्हापूरच्या उद्यमनगरांत बऱ्याच फेऱ्या घालाव्या लागल्या.

यंत्राची थोडी ओळख करून दिली पाहिजे. गाडी १९८४ सालची. पण तिच्या इंजिनाचें कूळ बरेंच जुनें. तें इंग्लंडांतील रेडिच गांवचें. १९५५ सालीं मद्रासेस हीच गाडी जुळविण्यास आरंभ झाला आणि मूळची इंग्रजी कंपनी १९७० च्या सुमारास बुडाल्यावरहि मद्रासचा कारखाना तेंच इंजिन पुढें कित्येक वर्षें जवळजवळ जसेंच्या तसें करीत राहिला. मूळ घर मोडलें आणि दत्तक घरीं वंश चालला, असा हा प्रकार! इंजिनास सिलिंडर एकच, आणि तो बिडाचा. त्याचा व्यास ७० मिलिमीटर, पिस्टनची धांव ९० मिलिमीटर. मिळून आकारमान ३४६ घनसेंटिमीटर, आणि शक्ति सुमारें १८ अश्वबलाची. गिअर उजव्या पायाशीं, ब्रेक डाव्या पायाशीं. सुरू करण्याचा विधि एखाद्या व्रतासारखा: डिकॉम्प्रेसरची मूठ दाबावी, अँमीटरचा कांटा मध्यावर येईपर्यंत किक हळूहळू खालीं न्यावी, मग मूठ सोडून एकच पूर्ण लाथ द्यावी. यांत घाई करणाऱ्याची पिंढरी गाडी फोडून काढते.

आतां एक गमतीची गोष्ट आम्हांस या वयांत प्रथमच कळली. माणूस वयानें झिजतो तसा आकसतो. इंजिन झिजतें तसें वाढतें. सिलिंडरची आंतील भिंत पिस्टनच्या घर्षणानें लंबगोल झाली म्हणजे ती लेथवर किंवा बोअरिंगच्या यंत्रावर थोडी खरवडून पुन्हां वर्तुळाकार करतात आणि तेवढ्या मोठ्या मापाचा पिस्टन आंत बसवितात. हें माप इंचाच्या हजाराव्या भागांत मोजतात. कारखान्यांतील बोलींत तो 'थाऊ'. या गाडीचे पिस्टन वीस, चाळीस आणि साठ थाऊ वाढीव मापांत मिळतात. बंधूंच्या हयातींत दोनदां बोअरिंग होऊन चाळीसचा पिस्टन पडला होता. म्हणजे कागदोपत्रीं ३४६ असलेलें इंजिन प्रत्यक्षांत ३५६ झालें होतें. साठचा पडला कीं ३६१ होतें. त्यापुढें मात्र भिंत पातळ पडते आणि वाढ खुंटते. बंधूंची गाडी अशा रीतीनें शेवटच्या पायरीशीं येऊन ठेपली होती, आणि म्हणूनच पुतण्याच्या बेतास तोंड फुटलें.

बेत असा कीं, साठचा पिस्टन न टाकतां ५०० च्या बुलेटचा सिलिंडर, पिस्टन आणि हेड उचलून या इंजिनावर चढवावें. कल्पना वेडगळ नव्हे. ५०० च्या पिस्टनची धांवहि ९० मिलिमीटरच. व्यास तेवढा ७० च्या जागीं ८४. धांव तीच असल्यामुळें दोन्ही इंजिनें सख्ख्या भावांसारखीं आहेत, आणि भावाभावांत कपड्यांची अदलाबदल व्हावी तशी भागांची अदलाबदल पुष्कळ लोक करतात. कारणहि त्यानें सांगितलें तें सयुक्तिक होतें. त्याचें आजोळ वैभववाडीकडे. आईला मागें बसवून परत येतांना करूळचा घाट लागतो, आणि तेथें गाडी तिसऱ्या गिअरमध्यें दम टाकते. दुसऱ्यांत घेऊन गगनबावड्यापर्यंत रखडावें लागतें.

मिस्त्रींनीं हें सगळें ऐकून घेतलें. हे गृहस्थ शाळा नववींत सोडून लेथवर उभे राहिलेले. पण गणित आमच्या कित्येक पदवीधर विद्यार्थ्यांपेक्षां पक्कें. त्यांनीं पुतण्याला दोन आंकडे सांगितले. आकारमान वाढतें शेंकडा ४४. शक्ति वाढते १८ वरून २२, म्हणजे शेंकडा २२. "आन् बाकीचं जातं कुठं?" असें त्यांनींच विचारलें, आणि उत्तर म्हणून पुढ्यांत पडलेल्या क्रँकवर हात ठेवला. पिस्टनचें तोंड जेवढें रुंद, तेवढा स्फोटाचा दाब अधिक. तो दाब कनेक्टिंग रॉड झेलतो, रॉड बिग-एंडवर टाकतो, आणि या जुन्या इंजिनांत बिग-एंडला रोलर नसून नुसता तरंगता बुश असतो. बुश सांवरला तर क्लच घसरतो. क्लच सांवरला तर साखळी ताणते. साखळीहि सांवरली, तर तेवढ्या वेगास थांबविण्याचें काम त्याच जुन्या ड्रम ब्रेककडे येतें. अर्थशास्त्रांत आम्ही ज्याला परस्परावलंबन म्हणून तास तास समजावतों, तें त्यांनीं दोन मिनिटांत तेलकट बोटानें दाखविलें. शक्ति ही एका जागीं वाढवितां येत नाहीं. एक भाग बळकट झाला कीं त्याच्या शेजारचा दुबळा ठरतो, आणि कालपर्यंत तो दुबळा नव्हताच!

पुतण्यास अर्थात् हें सारें ठाऊक होतें. त्यानें प्रत्येक दुबळ्या भागास पर्यायी भाग शोधून ठेवला होता, आणि दाखला म्हणून बर्ट मन्रोचें नांव पुढें केलें. न्यूझीलंडच्या दक्षिण टोंकास इन्व्हरकार्गिल गांवीं या माणसानें १९२० सालीं ६०० घनसेंटिमीटरची एक इंडियन स्काउट गाडी घेतली. ती नवी असतांना ताशीं सुमारें ५५ मैल पळे. चाळीसांहून अधिक वर्षें तो तिच्यावर खपला, आपल्या खोपटांत जुन्या डब्यांचे सांचे करून त्यानें पिस्टन ओतले, आणि १९६७ सालीं, वयाच्या ६८ व्या वर्षीं, अमेरिकेंतील बॉनव्हिलच्या खाऱ्या मैदानावर तीच गाडी ताशीं १८३ मैलांवर नेली. गोष्ट खरी आहे आणि ऐकतांना अंगावर कांटा येतो. पण त्याच खोपटांत एक फळी होती. प्रयोगांत फुटलेले पिस्टन, वांकलेले रॉड आणि मोडलेले व्हॉल्व्ह तीवर मांडून हे वेगाच्या देवाला वाहिलेले नैवेद्य, असें त्यानें लिहून ठेवलें होतें. पुतण्याची नजर १८३ वर होती. आमची त्या फळीवर. वयाचा फरक म्हणतात तो हाच असावा.

मिस्त्रींचा खरा आक्षेप निराळाच निघाला. ५०० च्या सिलिंडरचें बूड रुंद. तें बसण्यासाठीं खालच्या क्रँककेसचें तोंड कापून मोठें करावें लागतें. "सर, शिलिंडर बदलला तर उद्या परत घालता येतोय. पर ह्ये तोंड कापलं तर कापलं. धातु काय परत उगवत न्हाई." आणि गाडीचा इंजिन-नंबर कोरलेला असतो तो या क्रँककेसवरच. कायदाहि येथें आडवा येतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें, नोंदणीपत्रांतील तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा पडेल असा बदल मालकास करतां येत नाहीं. कागदावर ३४६ आणि पोटांत ४९९ असें वाहन रस्त्यावर आणणें आम्हांस मान्य नव्हतें, आणि तें आम्हीं स्पष्ट सांगितलें. झिजेनें वाढलेले पंधरा घनसेंटिमीटर कोणत्या कलमांत बसतात, हें मात्र एखाद्या वकील वाचकानेंच ठरवावें.

मग मिस्त्रींनीं एक तोड सुचविली. घाटाचीच अडचण असेल, तर गिअरबॉक्सच्या तोंडाशीं जी दांत्यांची चक्री आहे, ती एक दांता कमी असलेली घालावी. इंजिनास हात लावण्याचें कारण नाहीं, खर्च किरकोळ, आणि गाडी घाटांत तिसऱ्यांत राहील; सपाटीवर थोडी धापा टाकील इतकेंच. तोड इतकी सोपी होती कीं आम्हीं सुटकेचा निःश्वास टाकला. पुतण्यानें मान खालीं घातली आणि थोड्या वेळानें म्हणाला, "तसं नको, काका."

त्या दोन शब्दांनीं आम्हांस जें कळलें तें एवढ्या चर्चेनें कळलें नव्हतें. प्रश्न घाटाचा नव्हता. वारशानें आलेली वस्तु ही आरंभीं आपली नसतेच. ती वारलेल्या माणसाची असते आणि आपण तिचे राखणदार असतों. पुस्तकांचा वारसा मिळाला तर तीं वाचावीं तरी लागतात. शेत मिळालें तर कसावें लागतें. मोटरसायकल नुसती चालविली तर ती बापाचीच राहते. तीवर आपल्या हातानें कांहीं करावें, तिच्यांत बापानें न घातलेलें कांहीं घालावें, तेव्हां कोठें ती मुलाची होऊं लागते. मुलानें बापाच्या वेगानें जावें असा आग्रह धरण्याचा अधिकार काकास कोठून आला?

वहिनींस हें कसें वाटेल याची धास्ती मनांत होती. यजमानांच्या हातची वस्तु मोडून निराळी होणार, याचें त्यांस वाईट वाटेल असें धरून आम्हीं फार जपून विषय काढला. त्या शेंगा निवडीत होत्या. "भाऊजी, तिच्यांतलं मूळचं राहिलंय तरी काय?" त्या म्हणाल्या. "टाकी बदलली, सीट दोनदां बदललं, सायलेन्सर तर त्यांनीं बाजारांतून कुठला जुना आणून लावला होता. आणि ५०० ची गाडी निघाली तेव्हां सहा महिने तीच भाषा होती. मग याच्या कॉलेजची फी आली." एवढें बोलून त्यांनीं शेंगांची टोपली ओढून घेतली. पुतण्या दारांत उभा होता. त्यानें हें पूर्वीं ऐकलेलें नसावें, कारण तो तसाच उभा राहिला.

शेवटीं ठरलें तें असें. क्रँककेस कापावयाची नाहीं. सिलिंडर बंधूंचाच ठेवावा, त्यास शेवटचें, साठ थाऊचें बोअरिंग करावें. पिस्टन उंच माथ्याचा घालावा, म्हणजे मिश्रण अधिक दाबलें जाईल. हें इंजिन घडलें तें त्या काळच्या हलक्या पेट्रोलास सोसेल अशा बेतानें, आजचें साधें पेट्रोल त्याहून अधिक ऑक्टेनचें असल्यामुळें तेवढी मुभा आहे. बिग-एंडचा बुश काढून रोलर घालावेत. कार्बोरेटर २४ मिलिमीटरचा आहे, त्याजागीं ५०० चा २८ मिलिमीटरचा लावावा. या शेवटच्या कलमास मिस्त्रींची संमति नव्हती. तोंड मोठें झालें कीं कमी वेगांत हवा आळसावते आणि घाटांत नेमका तेथेंच तोटा होतो, असें त्यांचें म्हणणें. पण एक तरी भाग ५०० चा हवा हा पुतण्याचा हट्ट, आणि तो मिस्त्रींनीं हंसून मान्य केला.

या सर्व कामांत आम्हांस सर्वांत रम्य वाटला तो क्रँक सरळ करण्याचा दिवस. बिग-एंड बदलण्यासाठीं दोन्ही जड फ्लायव्हील अलग करावीं लागतात, आणि पुन्हां दाबून जोडलीं कीं तीं क्वचितच एका रेषेंत येतात. जोडलेला क्रँक दोन टोंकांच्या मध्यें टांगून हातानें हळूहळू फिरवितात. दांड्यावर एक डायलचा कांटा टेकलेला असतो. कांटा हलला कीं क्रँक वांकडा. मिस्त्री कांट्याकडे पाहात, खडूनें एक खूण करीत, क्रँक खालीं काढीत, खुणेवर पितळी हातोड्याचा एकच ठोका देत आणि पुन्हां टांगीत. पहिल्यानें कांटा आठ थाऊ हलत होता, मग पांच, मग एकदम सात. या सातावर पुतण्याचा चेहरा उतरला, मिस्त्रींचा उतरला नाहीं. दुपारचा चहा येऊन निवून गेला. चार वाजण्याच्या सुमारास कांटा एक थाऊच्या आंत आला, तेव्हां मिस्त्रींनीं हातोडा पुतण्याच्या हातीं दिला आणि म्हणाले, "आता शेवटचा तुमी मारा." त्यानें मारला. कांटा पुन्हां तीनावर गेला. मिस्त्री मनमुराद हंसले, आणि संध्याकाळीं सातपर्यंत दोघे मिळून तो परत एकाच्या आंत आणीत बसले. आम्हांस घरीं जाण्याची घाई होती, पण उठवेना.

इंजिन बांधून झालें. जुना चाळीसचा पिस्टन वहिनींनीं मागून घेतला. त्याच्या माथ्यावर ४० हा आंकडा ठोकलेला आहे, आणि शेजारीं बंधूंनीं खिळ्यानें ओरखडलेली एक तारीख. सध्यां तो वर्तमानपत्र उडूं नये म्हणून ठेवलेला असतो. सूर आतां थोडा बदलला आहे. ठोके पूर्वीपेक्षां कोरडे आणि टणक येतात. कार्बोरेटरचें जेट तीनदां बदलावें लागलें आणि अजून सकाळीं थंडींत गाडी दोनदां खोकते.

मात्र मिस्त्रींची एक सक्त आज्ञा आहे. नवा पिस्टन आणि नवी भिंत एकमेकांस रुळेपर्यंत, म्हणजे पहिले ८०० किलोमीटर, ताशीं ५० च्या वर जाऊं नये, चढावर ताण देऊं नये, आणि मागें कोणास बसवूं नये. एवढा खटाटोप करून मिळविलेली शक्ति वापरण्यास बंदी! पुतण्या रोज संध्याकाळीं कळंब्याच्या तलावापर्यंत जाऊन सायकलवाल्यांच्या बेतानें परत येतो, आणि दारांत गाडी लावून आधीं आंकडा पाहतो. वहिनी ओट्यावरून विचारतात, "किती झाले रे?" काल ४३० झाले होते.