बडोद्यातील आईची वाट

बडोदे शहराचे नाव निघाले, की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे राजवाडे आणि सयाजीराव महाराज उभे राहतात. माझ्या डोळ्यांपुढे मात्र पांढरे कॅनव्हासचे बूट घालून, ओढणी कमरेला घट्ट बांधून पहाटेच्या धुक्यात धावणारी एक बाई उभी राहते. ती माझी आई. तिला जाऊन आज कित्येक वर्षे झाली. तरी दरवर्षी जानेवारीत तिच्या स्मृतिदिनी मी वसईहून रात्रीच्या गाडीने बडोद्यास जाते आणि तिची रोजची वाट एकदा पायाखालून घालते.

गाडी भरूचजवळ नर्मदेच्या पुलावर आली, की तिच्या चाकांचा आवाज पालटतो. आम्ही भावंडे लहान असताना सुटी संपवून गावाहून परतत असू, तेव्हा आई आम्हांला झोपेतून उठवून खिडकीशी बसवी. “नर्मदा आली, आता घर जवळ आलं,” असे ती म्हणे. अजूनही त्या आवाजाने मला जाग येते आणि शेजारच्या बाकावर ती बसली असावी, असा क्षणभर भास होतो.

वडिलांची रेल्वेतील नोकरी १९८९ साली त्यांना बडोद्यास घेऊन आली. आम्ही फत्तेगंज भागात राहत असू. आमच्या वाडीतील विहिरीच्या काठावर वाढलेल्या आईला गुजराती भाषा परकी होती. पण दांडिया बाजारात गेले, की मराठी कानी पडे आणि तिला हायसे वाटे. गायकवाडांच्या दोन शतकांच्या राज्यामुळे मराठी घराणी तेथे पिढ्यानपिढ्या नांदत आली आहेत.

आई धावू लागली ती चव्वेचाळिसाव्या वर्षी, २००५ साली. रक्तातील साखर वाढू लागल्याचे डॉक्टरांनी सांगितले आणि रोज चालण्याची ताकीद दिली. ती चालू लागली. चालता चालता एके दिवशी धावली आणि मग थांबलीच नाही. प्रारंभी लोक हसले. शेजारच्या एका बाईंनी तर घरी येऊन विचारले, “कोणती गाडी पकडायची असते तुम्हांला रोज?” आई म्हणाली, “गाडी नाही हो, मी मलाच गाठायला जाते.”

वास्तविक या शहराला व्यायामाचे वेड जुनेच. प्रोफेसर माणिकरावांच्या आखाड्याची कीर्ती एके काळी दूरवर पोहोचली होती. व्यायामज्ञानकोशाचे मराठी खंड मजुमदारांनी सिद्ध केले तेही येथेच. परंतु आखाडा हा पुरुषांचा प्रांत. याच नगरीच्या महाराणी दुसऱ्या चिमणाबाई यांनी पडदा दूर सारला, स्त्रियांच्या स्थितीवर १९११ साली इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला आणि १९२७ साली अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अध्यक्षपद भूषविले. तरीही त्यानंतर जवळजवळ ऐंशी वर्षांनी एक प्रौढ गृहिणी रस्त्याने धावते, याचे लोकांना नवल वाटले! पुढे त्याच शेजारीणबाई आईबरोबर चालावयास येऊ लागल्या, हेही सांगितले पाहिजे.

तिची वाट फत्तेगंजहून कमाटीबागेत जाई. ही बाग सयाजीरावांनी १८७९ साली प्रजेसाठी विश्वामित्री नदीच्या काठी वसविली. शंभर एकरांहून अधिक विस्तार, जुने वृक्ष, बँडस्टँड आणि १८९४ सालचे वस्तुसंग्रहालय. या संग्रहालयात एका अजस्र देवमाशाचा सांगाडा आहे. आम्हां मुलांना तो पाहताना योना संदेष्ट्याची गोष्ट आठवे आणि या एवढ्याशा फासळ्यांमध्ये तो तीन दिवस कसा राहिला असेल, यावर आमची भांडणे होत.

बागेत आई तीन फेऱ्या घाली. २०१३ साली तिने एकवीस किलोमीटरांची शर्यत पुरी केली. बहुतेक सारे धावपटू परतले होते, मांडव आवरू लागले होते, तेव्हा ती पोहोचली. वडील पाण्याची बाटली घेऊन उभे होते. तिचा चेहरा मात्र पहिला क्रमांक मिळाल्यासारखा फुलला होता.

बँडस्टँडपासून थोड्या अंतरावर एक बाक आहे. तेथे आले, की माझे पाय अडतात. २०१५ सालच्या नाताळात मी माहेरी गेले होते. दुसरी फेरी पुरी होण्याआधीच आई त्या बाकावर बसली. अशी ती कधी बसत नसे. मी हसून म्हटले, “आई, आता तुझं वय झालं!” तीही हसली. उठताना तिने डावा हात छातीशी धरला होता. मी ते पाहिले. विचारले मात्र नाही.

त्या वेळी तिच्या स्तनात गाठ होऊन आठ महिने लोटले होते. गाठ दुखत नव्हती, म्हणून तिने ती मनावर घेतली नाही. डॉक्टरांपुढे अंग दाखवायची लाज वाटली, म्हणून ती बोलली नाही. आणि सर्वांत मोठे कारण तिने पुढे आजारपणात मला सांगितले: “मला वाटलं, मी एवढी धावते, मला काय होणार?” पुढच्या वर्षी रोगाचे निदान झाले, तेव्हा तो हाडांपर्यंत पोहोचला होता. २०१८ च्या जानेवारीत ती देवाघरी गेली.

त्या बाकावर थोडा वेळ बसून मी पुढे निघते. बागेच्या दाराशी सयाजीरावांचा अश्वारूढ पुतळा आहे. लोक त्यास काळा घोडा म्हणतात. तेथून नदीचा पूल लागतो. या नदीत, भर शहरात, मगरी आहेत. आई पुलावर क्षणभर थांबून एखादी दिसते का ते पाही. पुढे कीर्तिमंदिर, गायकवाड घराण्यातील दिवंगतांच्या स्मरणार्थ सयाजीरावांनी बांधविलेली ही वास्तू, आतील भिंतींवर नंदलाल बोस यांची चित्रे. आणि त्यापुढे रावपुऱ्यात चिमणाबाई टॉवर.

हा घड्याळाचा मनोरा आईच्या वाटेवरील अर्ध्याहून अधिक अंतराची खूण होता. त्याकडे पाहून ती वेळ ताडून घेई. तो कोणाच्या नावाचा, हे मला फार उशिरा कळले. सयाजीरावांची पहिली पत्नी तंजावरची लक्ष्मीबाई. विवाहानंतर तिचे नाव चिमणाबाई ठेवले. ती १८८५ साली क्षयाने ऐन तारुण्यात वारली. तिचा मुलगा फत्तेसिंहराव तेव्हा दोन वर्षांचाही नव्हता. तिच्या नावाने पुढे दोन वास्तू उभ्या राहिल्या: एक १८९६ सालचा हा मनोरा आणि दुसरी सूरसागर तलावाजवळील भव्य न्यायमंदिराची इमारत. न्यायालये आता तेथून हलली आहेत. परंतु कित्येक दशके सामान्य माणूस न्याय मागावयास त्या मृत मातेच्या नावाच्या दारातून आत गेला.

पहिल्या वर्षी मी त्या मनोऱ्याखाली बराच वेळ उभी होते. राजाने मनात आणले असते, तर पत्नीसाठी केवळ एक संगमरवरी समाधी बांधून तो रडत बसू शकला असता. पण तिच्या नावाला त्याने काम दिले. लोकांना वेळ सांगणे आणि न्यायाला छप्पर देणे, ही ती कामे. मी मात्र तोवर केवळ रडत होते आणि स्वतःला दोष देत होते.

तेव्हा मला आईच्या आजारातील परळचे दिवस आठवले. आमच्या गावापासून टाटा रुग्णालयापर्यंत आम्ही लोकलने किती वेळा गेलो असू! त्या रुग्णालयामागेही अशाच एका वियोगाची कथा आहे. सर दोराबजी टाटांच्या पत्नी लेडी मेहेरबाई उत्तम टेनिस खेळत आणि खेळतानाही साडीच नेसत. अशा काटक बाईंना रक्ताच्या कर्करोगाने गाठले व १९३१ साली त्या निवर्तल्या. दोराबजींनी पुढच्याच वर्षी त्यांच्या स्मरणार्थ या रोगावरील संशोधनासाठी निधी स्थापिला आणि त्याच वर्षी ते स्वतःही गेले. पुढे टाटांच्या विश्वस्त निधीतून १९४१ साली परळचे रुग्णालय उभे राहिले. आज देशाच्या कानाकोपऱ्यांतील गरीब तेथे येतात. खेळणाऱ्या शरीरालाही हा रोग होऊ शकतो, हे मेहेरबाईंच्या उदाहरणाने मला पटले. नियमित व्यायामाने स्तनाच्या कर्करोगाचा धोका कमी होतो, हे खरे. पण तो नाहीसा होत नाही. आईच्या समजुतीतील चूक नेमकी एवढीच होती, आणि ती तिच्या जिवावर बेतली.

वाचक भगिनींनो, म्हणून हे विनासंकोच लिहिते. भारतातील स्त्रियांत आज हाच कर्करोग सर्वाधिक आढळतो. गाठ बहुधा दुखत नाही. न दुखणे हे निर्धास्त राहण्याचे कारण नव्हे. त्वचा आत ओढली जाणे, बोंडीतून रक्त येणे, काखेत गाठ लागणे, यांपैकी काही दिसले तर थांबू नये. टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईतील गरीब वस्त्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांचा वीस वर्षे अभ्यास केला. निम्म्या स्त्रियांची दर दोन वर्षांनी, अशा चार वेळा, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी केवळ हातांनी तपासणी केली. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: तपासणी झालेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले. यंत्र नाही, मोठा खर्च नाही; शिकलेले हात आणि लाज बाजूला ठेवण्याचे धैर्य एवढेच लागले.

मनोऱ्याखालील त्या सकाळी मी ठरविले, की आईच्या नावालाही काम द्यावयाचे. आम्ही वाडीतील चार बायका संध्याकाळी जपमाळेनंतर घरोघर जातो, बोलतो आणि जी घाबरते तिच्याबरोबर दवाखान्यात जातो. दोन वर्षांपूर्वी आमच्यातील एका जाऊबाईंची गाठ आवळ्याएवढी होण्याआधीच सापडली. शस्त्रक्रिया झाली, आज त्या शेतात भाजी खुडताना दिसतात.

आईची वाट सूरसागरापाशी संपे. तलावाच्या कठड्याला हात लावून ती माघारी वळे. मीही तसाच हात लावते. मग फत्तेगंजच्या चर्चमध्ये तिच्यासाठी मिस्सा असते, त्या वेळेस पोहोचावयाचे असल्याने परतताना पाय भराभर उचलते. यंदा काळ्या घोड्यापासून पुढे मला चालणे पुरेना. चाळिशी उलटलेली मी, साडीचा पदर खोचून, लोकांदेखत धावले. चर्चच्या पायरीवर दम घेत उभी असताना एका वृद्ध बाईंनी मला निरखून पाहिले. आईला हसणाऱ्या त्याच शेजारीणबाई होत्या त्या. “अगदी तिच्यासारखीच धापा टाकतेस,” त्या म्हणाल्या आणि माझा हात धरून त्यांनी मला आत नेले.