बाजरीची नवरी

जानेवारी उजाडला की आमच्या कुंभारीत जो तो एकच विचारतो, गड्ड्याला कधी? भोगीपासून अक्कलकोट रस्त्यानं सोलापूरकडे निघालेल्या रिक्षांत पाय ठेवायला जागा नसते आणि विड्या वळायची सुपं दोन-तीन दिवस भिंतीला टेकून राहतात.

गड्डा म्हणजे सिद्धरामेश्वरांचं लग्न. बाराव्या शतकातला हा योगी. तळं खोदलं, अडुसष्ट लिंगं स्थापली, कन्नडात वचनं रचली. त्याच्या अंगणात रोज सडा-रांगोळी घालणाऱ्या कुंभाराच्या पोरीचं मन त्याच्यावर जडलं. त्यानं नकार दिला आणि आपला योगदंड पुढे केला. तिनं दंडाशी लग्न लावलं. म्हणून संमती कट्ट्यावर त्या दंडाची खूण असलेले सात उंच नंदीध्वज बाशिंग बांधून उभे राहतात आणि अख्खं सोलापूर वऱ्हाडी होतं. नंदीध्वज पेलणाऱ्याकडे जवळून बघावं. नजर वर टोकाला खिळलेली, मानेची शीर टरारलेली, पाय मात्र आंधळ्यासारखे रस्ता चाचपत असतात. अंगात पांढरी बाराबंदी. बाराबंदीतला पेढीवाला कोण आणि हमाल कोण, हे त्या दिवशी कळत नाही.

माझा भाचा नोकरीनिमित्त जर्मनीत, कोलोनला असतो; तिथंही अशीच एक जत्रा भरते. तिथला कार्निव्हल ११ नोव्हेंबरला ११ वाजून ११ मिनिटांनी सुरू होतो, पण खरी धमाल उपासाचे दिवस लागण्याआधीच्या आठवड्यात. सोमवारची मोठी मिरवणूक १८२३ पासूनची. रथांवरून चॉकलेटं उधळतात आणि खालची शहाणी माणसं छत्र्या उलट्या धरून ती झेलतात. त्यांच्याकडेही एक कुमारिका असते, राजपुत्र आणि शेतकऱ्याच्या जोडीनं मिरवणारी. रिवाजानं तिचं सोंग पुरुषच घेतो. फक्त १९३८ आणि १९३९ साली नाझींच्या राज्यात तिथं खरी बाई आणली गेली. पुरुषानं लुगडं नेसण्यात काय पाप होतं, ते त्यांनाच ठाऊक!

भाच्यानं पाठवलेला व्हिडिओ मी शेजारच्या अक्कांना दाखवला. अक्कांचं आयुष्य तेंदूची पानं भिजवण्यात आणि पत्र्याच्या मापानं कातरण्यात गेलंय. तर्जनीला कात्रीचा घट्टा आहे. व्हिडिओ गुरुवारचा होता, बायकांच्या दिवसाचा. त्या दिवशी बाया कात्री घेऊन हिंडतात आणि दिसेल त्या साहेबाचा टाय कापतात. बॉनजवळच्या बॉयल गावातल्या धोबिणींनी १८२४ मध्ये हे बंड सुरू केलं. नवरे कार्निव्हलात नाचायचे आणि या कपडे धूत बसायच्या. अक्का पोट धरून हसल्या. "कात्री तर आमच्याकडं बी हाय की!"

हसू सरलं ते होमाच्या गोष्टीवर. गड्ड्यात लग्नाच्या अक्षता पडल्या की दुसऱ्या दिवशी होम मैदानावर बाजरीच्या पेंढीला शालू नेसवतात. मणी, जोडवी, बांगड्या, सगळा साज. ती कुंभाराची पोर. मग तिला अग्नी देतात. नंतर उपाशी वासराच्या वागण्यावरून पाऊसपाण्याची भाकणूक होते आणि गर्दीचं लक्ष तिकडं वळतं. कोलोनमध्येही शेवटच्या रात्री गवताचा पुतळा जाळतात, पण आठवडाभर केलेली सगळी पापं आधी त्याच्या नावावर घालून. आमच्या नवरीच्या नावावर कुठलंच पाप नाही. तिनं सडा घातला, रांगोळी काढली, जीव लावला. मला त्या ज्वाळेकडे हात जोडून बघता येत नाही. आजूबाजूच्या बायका जोडतात आणि मी कोण त्यांना शिकवणारा?

त्याच बायका मोर्च्यात मुठी आवळतात. कामगार नेते नरसय्या आडम मास्तरांच्या मागे वर्षानुवर्षं चालून विडी कामगार बायकांनी कुंभारीत दहा हजार घरं मिळवली. गोदूताई परुळेकरांच्या नावाची ती वसाहत २००६ मध्ये उभी राहिली. पुढं रे नगर, तीस हजार घरांचं. त्यातल्या पंधरा हजारांचं लोकार्पण १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते झालं. संक्रांत होऊन चारच दिवस झाले होते; गड्ड्यावरचे पाळणे अजून फिरत होते.

मी अक्कांना सांगितलं, ऱ्हाईनकाठच्या गावांत महापौर गावाची चावी कार्निव्हलवाल्यांच्या हाती देतो आणि कार्निव्हल संपला की राखेच्या बुधवारी परत घेतो.

"परत द्येतेत?" अक्कांनी डोळे मोठे केले. "मग नाचायलेत कशाला ते?"