नॅरोगेज, ब्रॉडगेज आणि जावा

पूर्वी उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, माणसाला रेल्वेनं कुठं जायचं असेल, तर आधी येडशी गाठावी लागे. जिल्ह्याचं गाव रुळापासून दूर आणि आमची येडशी रुळावर, याचा आम्हाला भारी अभिमान. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं उभारलेली बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीला आणि १९११ मध्ये लातूरला पोचली. अडीच फुटी रुळांवरची ती गाडी रामलिंगच्या घाटातून दमानं वर यायची. पुण्याला जायचं तर कुर्डुवाडीला उतरून मोठी गाडी धरायची. लातूरकडचा मालही तिथं एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावा लागे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी ट्रंक घेऊन मी याच गाडीनं कॉम्प्युटर शिकायला निघालो. तेव्हा चलती जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेची होती. जावा लिहायची साधनं फुकट नव्हती, निदान कंपन्या वापरायच्या ती तरी. बोरलँडचं जेबिल्डर, आयबीएमचं व्हिज्युअलएज ही नावं पुस्तकात वाचायची. त्यांच्या परवान्याची किंमत आमच्यासारख्याच्या घरात उच्चारायची सोय नव्हती. क्लासमध्ये जी सीडी फिरायची तिचा परवाना कुणाच्या नावावर, हे कुणी विचारत नसे. सुट्टीत गावी आलो की कॉम्प्युटर नसायचाच. मग प्रोग्रॅम वहीत लिहायचे, ते यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर आपणच व्हायचं, अर्धविराम राहिला का ते बोट ठेवून तपासायचं.

त्याच दिवसांत पीसीक्वेस्ट मासिकासोबत लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची सीडी यायची. ज्याला अंक मिळाला त्याची खोली म्हणजे आमचं ग्रंथालय. त्या सीडीत जीसीसी हा कंपायलर असायचा. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये तो जगासाठी खुला केलेला. पैसे नाहीत म्हणून अडवणारा कुणी नाही, आणि आतलं यंत्र उघडून बघायलाही मनाई नाही! जगातला एक उत्तम कंपायलर मराठवाड्यातल्या पोराला कुणाची परवानगी न घेता वापरता येतो, या जाणिवेनं तेव्हा अंगावर आलेले रोमांच मला आजही आठवतात.

पण नोकरीत गेलो आणि दुसरी बाजू दिसली. बँकेचं, विम्याचं काम करणाऱ्या प्रोजेक्टमध्ये फुकटचं टूल वापरू म्हटलं की वरून एकच प्रश्न यायचा : रात्री दोनला बिघडलं, तर फोन कुणाला करायचा? प्रश्न रास्त होता. ज्यावर लाखो लोकांचे व्यवहार चालतात, त्याच्यामागे कुणीतरी जबाबदार माणूस उभा हवाच.

या प्रश्नाचं उत्तर काही माणसांनी आधीच शोधलं होतं. १९८९ मध्ये अमेरिकेत जॉन गिलमोर, मायकेल टीमन आणि डेव्हिड हेन्केल-वॉलेस यांनी सिग्नस ही कंपनी काढली. जीसीसीसारखी मोफत साधनं घ्यायची आणि ती सांभाळण्याचे, नव्या चिपवर चालवून देण्याचे पैसे घ्यायचे, हा त्यांचा धंदा. १९९९ च्या अखेरीस लिनक्सचाच धंदा करणाऱ्या रेड हॅट या कंपनीनं सिग्नस विकत घेत असल्याचं जाहीर केलं. २००१ च्या नोव्हेंबरमध्ये आयबीएमनं प्रोग्रॅम लिहायच्या साधनांवरचं चार कोटी डॉलर किमतीचं आपलं काम इक्लिप्स या नावानं खुलं केलं आणि जावा लिहिणाऱ्यांचं जग पालटलं. त्या इक्लिप्सवर टेक्सासच्या जेन्युइटेकनं मायइक्लिप्स बांधलं. बड्या कंपन्यांना लागणारे सगळे भाग एकत्र जुळवलेले, तपासलेले, आणि वर्गणी वर्षाला साधारण तीस डॉलर. हजारो डॉलरच्या परवान्यांच्या त्या काळात हा आकडा वाचून आम्ही तो पुन्हा वाचला होता.

कोड सगळ्यांचा; पण तपासलेली आवृत्ती, सुरक्षेची दुरुस्ती, जुन्या आवृत्तीला वर्षानुवर्षं दिलेली साथ आणि फोन उचलणारा इंजिनिअर, याचे पैसे. या एका व्यवस्थेमुळं खुल्या साधनांना बँकांचे दरवाजे उघडले. फोन उचलणाऱ्यांत आपलीही माणसं आली. रेड हॅटचं इंजिनिअरिंग केंद्र पुण्यात मगरपट्ट्याला उभं राहिलं. लिनक्सवर मराठी वाचताना जो लोहित देवनागरी फाँट डोळ्यांसमोर येई, त्याच्या देखभालीतही रेड हॅटच्या पुण्यातल्या लोकांचा हात होता.

आज येडशीत उलट चित्र दिसतं. लॉकडाऊनमध्ये घरी आलेला शेजारचा एक पोरगा परत गेलाच नाही. घरूनच पुण्याच्या कंपनीचं काम करतो. "काका, बघा," म्हणत त्यानं परवा लॅपटॉप पुढं केला. व्हीएस कोड या एडिटरमध्ये जावासाठी रेड हॅटनं बनवलेलं एक्स्टेन्शन. त्याच्या पोटात काम करतं ते इक्लिप्सचंच जावा यंत्र. खाली जावाचं खुलं रूप ओपनजेडीके, ज्याच्या काही जुन्या आवृत्त्या सांभाळण्याचं नेतृत्व २०१९ पासून रेड हॅटकडं आलं. बँकेच्या प्रोजेक्टवरचा इंजिनिअर जे वापरतो तेच, तसंच, हा आपल्या ओसरीवर वापरतो. शिकताना एक टूल आणि नोकरीत दुसरं, ही आमच्या वेळची कुर्डुवाडी मध्ये उरली नाही. २००७-०८ मध्ये लातूर-कुर्डुवाडी मार्ग ब्रॉडगेज झाला, धाराशिवलाही स्टेशन मिळालं आणि गाडी न बदलता पुढं जाता यायला लागलं. खुल्या साधनांनी प्रोग्रॅमरसाठी नेमकं हेच केलं.

मात्र त्या काळातलं सगळंच टाकाऊ नव्हतं. एका सीडीभोवती पाच-सहा जण बसायचे. मॅन्युअल पहिल्या पानापासून वाचलं जायचं, कारण विचारायला दुसरं कुणी नसायचं. साधन दुर्मिळ होतं म्हणून ते कुणी बनवलं याचीही चौकशी व्हायची. स्टॉलमन आणि लिनक्सचे जनक टोरवाल्ड्स ही नावं आमच्या गप्पांत घरच्या माणसांसारखी येत. आता एका आदेशासरशी शेकडो लायब्ररी येऊन पडतात आणि त्यातल्या एकीच्याही कर्त्याचं नाव ठाऊक नसतं. साधन सहज मिळतं याचं दुःख नाही. त्यामागची माणसं दिसेनाशी झाली, हे मात्र मला सलतं.

त्याची किंमत २०२१ च्या डिसेंबरमध्ये कळली. लॉगफोरजे या जावाच्या लायब्ररीत सुरक्षेचं मोठं छिद्र सापडलं आणि जगभरच्या कंपन्या रात्रंदिवस धावपळ करू लागल्या. ती लायब्ररी सांभाळणारे मोजके स्वयंसेवक होते, आपापली नोकरी करून उरलेल्या वेळात राबणारे. त्यांच्या श्रमावर अवघा व्यापार उभा होता. तेव्हा खुल्या साधनांना पैसे घेऊन पाठबळ देणाऱ्या कंपन्यांविषयी माझा आदर आणखी वाढला. त्यांच्या कमाईतून इंजिनिअरांचे पगार निघतात आणि दुरुस्ती पुन्हा सगळ्यांसाठी खुली होते. मोफत वस्तू टिकवायलाही कुणाला तरी पोटभर मिळावं लागतं.

म्हणून शेजारच्या पोराला मी एवढंच सांगितलं, की वापरतोस त्यातल्या एका तरी साधनाला आपलं म्हण. त्यात चूक सापडली तर व्यवस्थित लिहून कळव, जमलं तर दुरुस्त करून पाठव, नाहीतर त्याच्या मेनूचं मराठी तरी नीट कर. आमच्या पिढीला हे सगळं घेता आलं. द्यायला ना यंत्र होतं ना जोडणी. त्याच्याकडं दोन्ही आहे. येडशीतल्या पोराची दुरुस्ती उद्या जगातल्या कुठल्याही बँकेत चालू शकते, हे आमच्या वेळी स्वप्नातही नव्हतं. ही संधी त्यानं दवडू नये.